खालची बाजू : पंढरीच्या वाटेवरचे लोखंड आणि त्याचा गंज

पंढरपूरच्या वाहनांचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर तो बहुधा वरच्या बाजूने लिहिला जाईल. बार्शी लाइटचे छोटे इंजिन, डब्यांच्या टपावर बसलेले वारकरी, एसटीचा लाल रंग, दिंडीच्या ट्रकवरची ताडपत्री आणि तिच्यावर खोचलेली पताका. हे सारे लोभसवाणे आहे आणि त्यावर लिहिलेही गेले आहे. पण ही सगळी वाहने ज्याच्या आधारावर उभी राहिली तो सांगाडा, चासी, पाटे, आस, बोल्ट आणि पत्र्याच्या घड्या खालच्या बाजूला असतात. तिथे कॅमेरा जात नाही. तिथे जातो तो पाना घेतलेला मिस्त्री आणि रंगाचा ब्रश घेतलेला रंगारी.

गेली काही वर्षे पंढरपूर, कुर्डुवाडी, मंगळवेढा या पट्ट्यातल्या गॅरेजांमधून मी हिंडतो आहे. वाहनाच्या खालच्या लोखंडाला गंजापासून वाचवायची जी रीत आज तिथे चालते, ती कुठून आली, हे मला शोधायचे होते. शोध घेताना तो मोटारीपाशी थांबला नाही. एक वाट लीड्सच्या लोहभट्टीपर्यंत गेली, दुसरी म्हसोबाच्या शेंदरापर्यंत, तिसरी आंबेगाव-जुन्नरच्या हिरड्यापर्यंत. त्या वाटांचा हा आलेख.

कोरड्या मुलखातला गंज

आधी एका शंकेचे निरसन करायला हवे. गंज हा कोकणाचा विषय, असे आपण धरून चालतो. खारा वारा, ३००० मिलिमीटरचा पाऊस, चार महिने न वाळणारे कपडे. तिथे लोखंड सडणारच. सोलापूर जिल्हा त्याच्या उलट. वर्षाचा पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटरच्या घरात, तोही बेभरवशाचा. मग इथल्या गाड्यांच्या तळाला भोके पडावीत कशी?

उत्तर पावसाच्या मोजमापात नाही, ओल किती वेळ टिकते त्यात आहे. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पाऊस पडून गेला आणि ऊन लागले, तर उघडा पत्रा तासाभरात वाळतो. पण भीमेकाठची काळी माती चाकाने उडवून चासीच्या घडीत भरली, की ती आठवडाभर ओल धरून बसते. वर वाळून तडकलेली आणि आत ओली, अशी ही माती. त्यात चंद्रभागेच्या वाळवंटातून भरलेल्या ओल्या वाळूची भर, ऊस वाहणाऱ्या गाड्यांवर सांडणाऱ्या रसाची भर, खताच्या पोत्यांतून गळणाऱ्या क्षारांची भर. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला. जास्तीच्या पाण्याने काही जमिनी चोपण झाल्या. अशा ठिकाणच्या विहिरीच्या वा बोअरच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुतली, तर पाणी वाळते आणि मीठ मागे राहते.

चिखलाखालीच पत्रा जास्त का सडतो, याचा उलगडा केंब्रिजचे यूलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकातल्या प्रयोगांनी केला. गंजशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. पोलादावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला, तर गंज थेंबाच्या कडेला सुरू होईल असे वाटते, कारण हवा तिथे जास्त मिळते. प्रत्यक्षात घडते उलटे. कडेला हवा भरपूर, मध्यभागी कमी. या फरकामुळे एकाच पत्र्यावर विजेची एक लहानशी घटमाला तयार होते आणि मधले लोखंड विरघळू लागते. हवेपासून झाकलेला भाग आधी खचतो. गाडीच्या तळाला चिकटलेला मातीचा प्रत्येक लपका हा असा एकेक थेंब आहे. म्हणून मिस्त्री ज्याला ‘आतनं खाल्लंय’ म्हणतात, ते शब्दशः खरे असते.

मराठीला या रोगाची ओळख जुनीच आहे. गव्हावर पडणाऱ्या रोगाला आपण तांबेरा म्हणतो, तो त्या रंगावरून. आयुर्वेदाने तर लोखंडाच्या जुन्या मळीला मंडूर म्हणून औषधात घेतले आणि मंडूर जितके जुने तितके चांगले, शंभर वर्षांचे सर्वांत उत्तम, असा दंडक घातला. वाहनाच्या बाबतीत मात्र जुन्या गंजाचे कौतुक करायला कुणी धजणार नाही.

लीड्सचा सांगाडा

पंढरपूरला यंत्राने ओढलेली गाडी आली ती १९०६ मध्ये. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज अभियंता ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीनिमित्त १८८२ मध्ये हिंदुस्थानात आला होता. मुख्य मार्गापासून दूर राहिलेल्या बार्शीच्या बाजारपेठेसाठी अडीच फुटी रुळांची स्वस्त रेल्वे शक्य आहे, असे त्याने धरून ठेवले. १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली, १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. एकूण २०२ मैल.

कॅल्थ्रॉपविषयी लिहिताना सगळे रुळांच्या रुंदीवर बोलतात. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्याची खरी करामत डब्यांच्या खाली होती. हलक्या रुळांवर कुठल्याही आसाचा भार ५ टनांपेक्षा जास्त पडू द्यायचा नाही, असा त्याने नियम घातला. तो पाळायचा तर डबा हलका हवा आणि तरीही भरपूर माल पेलणारा हवा. म्हणून प्रवासी डबा असो की मालाचा, सगळ्यांना २५ फूट लांबीचा एकाच नमुन्याचा सांगाडा. तो लीड्स फोर्ज या कंपनीने बनवला. या कंपनीचा संस्थापक सॅमसन फॉक्स याने तापवलेला पोलादी पत्रा साच्यात दाबून त्याचे आकार घडवायची रीत आणली होती. तोवर सांगाडे कोन आणि पट्ट्या रिव्हेटांनी जोडून बनत. दाबलेल्या पत्र्याने सांधे कमी झाले आणि वजनही घटले. हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरता रूळमार्ग टाकून या गाडीची चाचणी घेतली गेली.

गंजाच्या नजरेने पाहिले तर या सांगाड्यात एक लाभ आणि एक धोका होता. सांधे कमी म्हणजे पाणी मुरायच्या फटी कमी, हा लाभ. दोन पत्र्यांच्या फटीत गंज धरला, की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि रिव्हेट ताणून पत्रे फाकवतो, ते इथे टळले. धोका असा की पत्रा पातळ होता. जाड तुळईचा थोडा भाग गंजाने खाल्ला तरी ती तग धरते. पातळ पत्र्यात तेवढी शिल्लक नसते. हलक्या वाहनाला रंगाची राखण जास्त लागते, हा धडा पुढे मोटारींनीही आपल्याला शिकवला. त्याचा पहिला पाठ आपल्या मुलखात बार्शी लाइटने दिला, असे माझे मत आहे.

१ जानेवारी १९५४ रोजी ही कंपनी सरकारने घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेत आला. अडीच फुटी रूळ मात्र नवे शतक उजाडेपर्यंत टिकले. मग टप्प्याटप्प्याने रुंद झाले. वारीच्या गर्दीने वाकवलेली, भीमेच्या मातीने माखलेली ही गाडी इतकी वर्षे चालली, ती कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातल्या कामगारांच्या हातावर. डबा उचलायचा, खालचा सांगाडा खरवडायचा, रंगवायचा, पुन्हा रुळावर ठेवायचा. या कामाची कुठे स्मरणशिला नाही.

देवाचा शेंदूर, रंगाऱ्याचा शेंदूर

त्या काळी पोलादावर पहिला हात कशाचा देत? जगभर एकच उत्तर होते : शिशाच्या लाल भुकटीचे जवसाच्या तेलातले मिश्रण. पूल, जहाजे, रेल्वेचे सांगाडे, सगळ्यांना हेच. स्कॉटलंडमधला प्रसिद्ध फोर्थ पूल १८९० मध्ये खुला झाला, त्याच्याही पोलादावर आधी हाच लेप चढला. इंग्रजीत त्याला रेड लेड म्हणतात. मराठीत त्याला फार जुने आणि घरगुती नाव आहे, शेंदूर.

शिसे वितळवून हवेत भाजले की आधी पिवळसर मुरदाडशिंग होते. तेच आणखी योग्य आचेवर भाजत राहिले की केशरी-लाल शेंदूर होतो. मारुती, गणपती, म्हसोबा, वेशीवरचे तांदळे, सगळ्यांना तो तेलात कालवून लावायची आपली परंपरा. (आज बाजारात शेंदूर म्हणून मिळणारी प्रत्येक पुडी शिशाचीच असेल असे नाही.) थरावर थर चढत जाऊन मूळ मूर्ती दिसेनाशी होते. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा असाच साठलेला थर २०२२ मध्ये काढला आणि भाविकांना मूळ रूप पाहायला मिळाले.

मग कारखान्यातला रंगारी आणि देवळातला गुरव यांच्या वाटीत फरक तो कोणता? फरक तेलाचा. शेंदूर चढवताना देवळात तिळाचे किंवा घरातले गोडे तेल चालते. ते पूर्ण वाळत नाही, लेप मऊ राहतो. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते, त्याची कातडी धरते. शिवाय शेंदूर आणि जवसाचे तेल यांची आपसांत क्रिया होऊन शिशाचे साबण तयार होतात. त्यांतून निघणारी द्रव्ये लोखंडाच्या पृष्ठभागावर बसून गंजाची क्रियाच मंदावतात. म्हणजे हा लेप नुसता पडदा नव्हता, औषधही होते. ओबडधोबड, नीट न खरवडलेल्या लोखंडावरही तो काम देई. म्हणूनच शंभर वर्षे त्याला तोड मिळाली नाही.

त्याची किंमत शरीराने मोजली. शिसे रक्तात आणि हाडांत साठते. पोटशूळ, हातापायांतली ताकद जाणे, लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीला धक्का. लेप लावणाऱ्यापेक्षाही जुना लेप पॉलिश पेपरने घासणाऱ्याला धोका जास्त, कारण भुकटी नाकातोंडात जाते. भारत सरकारने घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर २०१६ मध्ये नियम केले. १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असलेला असा रंग विकता येत नाही. नियमाच्या नावातच त्याची मर्यादा आहे. औद्योगिक रंग त्यात नाहीत. जुन्या ट्रकचा सांगाडा उघड्या तोंडाने खरवडणारा पोरगा त्या नियमाच्या छायेत येत नाही.

शेंदराची जागा घेतली ती रेड ऑक्साइडने. आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ‘लाल अस्तर’ मागितले की हाच डबा पुढे येतो. यातली गंमत अशी की त्याचा रंग लोखंडाच्याच ऑक्साइडचा असतो. अंगणाला लावायची काव, भिंतीवरचा गेरू, हे त्याचेच भाऊबंद. जे लोखंड आधीच पूर्ण जळून शांत झाले आहे, ते जिवंत लोखंडावर पांघरूण म्हणून घालायचे. पण पांघरूण ते पांघरूणच. शेंदरासारखे औषध त्यात नाही. म्हणून चांगल्या प्रायमरात झिंक फॉस्फेटासारखे दुसरे काही मिसळावे लागते. स्वस्त डब्यात ते असतेच असे नाही, आणि दोन्हींचा रंग सारखाच दिसतो.

सोलापूरकराची मोटार

बार्शी लाइट आणि मोटार यांना जोडणारा एक माणूस सोलापूरचाच निघाला. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. घरचा सावकारी-आडतीचा धंदा सोडून ते रेल्वेच्या ठेक्यांत शिरले. लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबरच्या भागीदारीतले त्यांचे पहिले काम म्हणजे बार्शी लाइटचाच येडशी ते तडवळे हा तुकडा. याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. वालचंद १९५३ मध्ये गेले. त्यांच्या कंपनीची फियाट ११००, पुढे पद्मिनी झालेली, महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाची पहिली मोटार ठरली.

आपल्या विषयात फियाटचे महत्त्व वेगळे आहे. जीप किंवा ट्रक यांना स्वतंत्र चासी असते : शिडीसारखे दोन जाड दांडे आणि मध्ये आडव्या तुळया. वरची बॉडी सडली तरी गाडी चालते. फियाट ११०० आणि अँबॅसडर यांना अशी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे पोकळ खण, चाकावरच्या कमानी, हेच सारे मिळून गाडीचे हाड. तिथे पडलेले भोक हे अंगरख्याचे भोक नसते, हाडाचे असते. पाटे जिथे बॉडीला जोडलेले असतात ती जागा कुजली, की खड्ड्यात आपटल्यावर पाटा आत घुसतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात फियाट वापरलेल्या घरांमध्ये पायाखालच्या रबरी चटईच्या खाली रस्ता दिसू लागल्याच्या गोष्टी विनोदाने सांगतात. विनोद खरा, पण गोष्ट गंभीर होती.

सार्वजनिक वाहनांची कथा जराशी निराळी. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, ती बेडफर्डच्या चासीवरची, लाकडी बांधणीची. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांनी अ‍ॅल्युमिनियमची बॉडी बांधायची परंपरा रुजवली. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, हा मोठा गुण. पण अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद ओलीत एकमेकांना चिकटले, की अ‍ॅल्युमिनियम स्वतः झिजून पोलादाला वाचवते. दोहोंच्या मध्ये रंगाचा किंवा रबराचा पडदा हवा. तो फाटला की रिव्हेटाभोवती पांढरी पूड दिसू लागते. अलीकडे पोलादी बॉडीच्या गाड्या आल्या आणि कार्यशाळांचा प्रश्न पुन्हा तांबड्या गंजाकडे वळला.

हिरडा, आम्ल आणि वज्रलेप

गंज खरवडून काढणे हा जुना उपाय. पण पोलादाच्या खड्ड्यांत रुतलेला गंज ब्रशने निघत नाही. मग त्यालाच बदलून टाकायचे, ही कल्पना पुढे आली. बर्मिंगहॅमच्या टॉमस कॉस्लेट याने फॉस्फोरिक आम्लाने पोलादावर फॉस्फेटचा थर धरवायच्या कृतीचे पेटंट १९०६ मध्ये घेतले. पंढरपूरला रेल्वे आली ते हेच वर्ष. आज मोटारीचा पत्रा कारखान्यात रंगण्याआधी फॉस्फेटच्या हौदातून जातो आणि मग विजेच्या साह्याने अस्तर ओढून घेतो. ही दुसरी रीत १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर यांनी विकसित केली. पोकळ खणांच्या आतपर्यंत अस्तर पोचते, ते तिच्यामुळे.

फॉस्फेटाचा हा गुण आपल्याकडे दीड हजार वर्षे उघड्यावर उभा होता. दिल्लीच्या लोहस्तंभाचा अभ्यास करून आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले, की त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे. त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर धरला आणि पुढचा गंज रोखला गेला. जुन्या लोहारांनी हे ठरवून केले असे म्हणायला आधार नाही. त्यांच्या भट्टीत फॉस्फरस लोखंडात राहून जाई, एवढेच.

दुसरे औषध आहे टॅनिन. गॅरेजमध्ये गंजावर लावायचे जे द्रावण मिळते, ते लावल्यावर तांबडा भाग पाहता पाहता निळसर काळा पडतो. ते बहुधा टॅनिक आम्लाचे, कधी त्यात फॉस्फोरिकचीही जोड. हा काळा रंग आपल्याला परका नाही. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात आदिवासी बांधव जो हिरडा गोळा करतात, तो टॅनिनचे भांडार. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर गंजक्या लोखंडाचे गुळात आंबवलेले पाणी पडले की पक्का काळा रंग धरतो. कलमकारीतली काळी रेघ अशीच येते. कापडावर जी क्रिया रंग धरण्यासाठी केली, तीच पत्र्यावर गंज मारण्यासाठी. लोखंड आणि टॅनिन यांचा एकजीव, पाण्यात न विरघळणारा संयोग दोन्हींकडे एकच आहे.

इथे पंढरपूरकराला वज्रलेपाची आठवण होणे साहजिक आहे. जून २०२० मध्ये विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींना पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांनी वज्रलेप केला, त्या वेळी हा शब्द घरोघरी पोचला. शब्द जुना आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. कच्ची तिंदुकाची फळे, कच्चे कवठ, सावरीची फुले अशी सामग्री उकळून, आटवून, त्यात डिंक-राळ घालून लेप करायचा, असे त्याचे सांगणे. तिंदुक म्हणजे टेंभुर्णीचे गोत्र, कच्चे फळ टॅनिनाने तुरट. दगडासाठीचा लेप आणि पोलादासाठीचा लेप यांचे काम एक नव्हे. तरी झिजणाऱ्या वस्तूवर वेळोवेळी राखणीचा हात फिरवायचा असतो, ही समज आपल्याकडे शास्त्राच्या पातळीवर होती, हे नोंदवायला हवे.

ऊसपट्ट्याचेही एक औषध आहे. साखर कारखान्याची मळी पाण्यात साधारण एकास नऊ या प्रमाणात मिसळून तीत गंजके सुटे भाग आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवले, तर मळीतली द्रव्ये गंज ओढून घेतात आणि चांगल्या लोखंडाला फारशी इजा होत नाही. जगभरचे जुन्या गाड्यांचे शौकीन ही रीत वापरतात. मळीचे डोंगर जिथे तयार होतात, त्या आपल्या भागात मात्र ती कुठल्या गॅरेजात मला दिसली नाही. मळीवर उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते, हेही त्याचे एक कारण असावे.

खड्ड्यात उतरल्यावर

आता आजच्या रिवाजाकडे वळतो. जुन्या मिस्त्रींची रीत पाहिली तर तिच्यात वरचा सगळा इतिहास साठलेला दिसतो. गाडी आधी खालून दाबाच्या पाण्याने धुवायची, आणि मग किमान एक दिवस उन्हात ठेवायची. सुटलेले पापुद्रे छन्नीने पाडायचे, तारेच्या ब्रशने घासायचे. मग एक परीक्षा : हातोडीने हलके ठोकत जायचे. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथे रंग नाही. तिथे पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करायचा. उरलेल्या गंजावर काळे करणारे द्रावण, ते वाळले की प्रायमर, मग दोन हात काळ्या चासी पेंटचे. दाराखालच्या खणांना पाणी निघायला बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती बुजू द्यायची नाहीत. सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्यांचे सांधे, रबरी बुश यांना ब्रश लावायचा नाही.

याच्या शेजारीच दुसरी रीत चालते, आणि तीच जास्त खपते. गाडी धुतली न धुतली, मातीवरूनच डांबरासारखा काळा थर मारायचा. एका तासात तळ काळाभोर, नवाकोरा. विकायला काढलेल्या गाडीला हे हमखास करतात. डांबरी थर वाईट नाही. स्वच्छ, अस्तर मारलेल्या पत्र्यावर तो खड्यांचा मार झेलतो. पण गंजावर मारला की ओल आत कोंडते, काही महिन्यांत थर पत्र्यापासून सुटतो आणि त्या पोकळीत इव्हान्सचा थेंब तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पंढरपुरातल्या एका वृद्ध मिस्त्रींनी मला सांगितले, “सर, वरनं नवरीवानी नटवत्यात. पर गाडी उभी ऱ्हाती ती खालच्यावर. खाली बघायला कुणाची कंबर वाकत न्हाई.”

जुन्या ट्रकवाल्यांची जळके ऑइल फासायची सवयही अजून टिकून आहे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या समाजाला ती सहज जमली. तेलाने पाणी दूर राहते हे खरे, पण त्याच तेलाला धूळ चिकटते, रबर फुगते, आणि गाडी नदीकाठी धुतली तर ते चंद्रभागेत उतरते.

यात नुसत्या गाडीच्या किमतीचा प्रश्न नाही. आषाढात दिंड्यांबरोबर ट्रक, टेम्पो आणि पाण्याचे टँकर येतात. त्यांतले कित्येक वर्षभर ऊस, वाळू, खत वाहतात आणि वारीच्या पंधरवड्यात माणसे आणि त्यांचे संसार वाहतात. काही दिवस ते नदीपल्याडच्या ६५ एकरांत किंवा शेताच्या चिखलात उभे असतात. दिवेघाटासारख्या चढउतारावर पाट्याचा खिळा किंवा ब्रेकची नळी दगा देते, ती त्याच दिवशी खराब झालेली नसते. गंजाने तिला मागच्या कितीतरी पावसाळ्यांत थोडे थोडे खाल्लेले असते.

वय कशावरून मोजायचे?

२०२१ पासून देशात वाहने मोडीत काढायचे धोरण आणि त्याचे नियम आले. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. खासगी मोटारीला १५ वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. धुराच्या दृष्टीने या धोरणाला अर्थ आहे. पण वर्षे मोजून वय ठरवणे हे लोखंडाच्या स्वभावाला धरून नाही. मंगळवेढ्याच्या माळावर एका घरात सावलीत राहिलेली, दर पावसाळ्यानंतर खालून धुतलेली वीस वर्षांची गाडी आणि वाळू वाहून सात वर्षांत सांगाडा सडलेला टेम्पो, यांत म्हातारे कोण? तपासणी केंद्रावर धूर, दिवे आणि ब्रेक यांचे आकडे यंत्र छापून देते. तळाशी हातोडी घेऊन ठोकणारा जाणता कान मात्र लागतोच.

तो कान कुठे घडतो? लीड्सच्या सांगाड्याला रंग देणाऱ्या कामगारांकडून कुर्डुवाडीत जे ज्ञान आले, दापोडी-चिकलठाण्याच्या कार्यशाळांत जे वाढले आणि तिथून निवृत्त झालेल्यांच्या गॅरेजांतून गावोगाव पसरले, ते बहुतेक सारे तोंडी आहे. कॅल्थ्रॉपच्या इंजिनांवर ग्रंथ निघाले. त्याच्या डब्यांना कुर्डुवाडीत दर किती वर्षांनी कोणता लेप देत, त्यात शेंदूर किती आणि जवस किती, हे सांगू शकणारी माणसे आता नव्वदीच्या पुढे असतील. रेल्वेच्या आणि एसटीच्या जुन्या भांडार-नोंदवह्या रद्दीत जाण्याआधी कुणी तरुण अभ्यासकाने चाळल्या, तर रंगाच्या डब्यांच्या हिशेबातून या मुलखाचा एक न लिहिलेला इतिहास हाती लागेल.

दरम्यान या वाचनाचा एक साधा उपयोगही आहे. दिवाळीत गाडीची पूजा करताना आपण बोनेटवर स्वस्तिक काढतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पावसाळा नुकताच सरलेला असतो, माती वाळलेली असते, ऊन कडक असते. गाडीच्या खालच्या बाजूला हात लावायला वर्षातले यापेक्षा योग्य दिवस दुसरे नाहीत.